माल घेणाऱ्याचा फोटो

हंगामात नवलचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. त्या दिवशी तो तीनलाच उठला. कोरीटहून नंदुरबारचं स्टेशन गाठायचं, रेल्वेने गुजरातेत उतरायचं आणि तिथून बंगळूरचं विमान पकडायचं होतं. विमानात तो पहिल्यांदाच बसणार होता, पण त्याचं त्याला फारसं अप्रूप नव्हतं. शेवटचा ट्रक भरून झाल्याशिवाय हमालांची टोळी सोडता येत नव्हती, आणि ट्रक आदल्या सांजेला निघाला. आता रेल्वेने वेळेत पोचणं होणार नव्हतं, म्हणून विमान.

बंगळूरला त्याची मुलगी काजल एका दवाखान्यात नर्स होती. दुपारी चारला तिथल्या नोंदणी कार्यालयात तिचं लग्न होतं. मुलगा तिकडचाच, त्याच दवाखान्यात एक्स-रे काढणारा. जात वेगळी, भाषा वेगळी. नवलची बायको कमलबाई, तिच्या भावांनी निरोप धाडला होता की या लग्नाला जो जाईल त्याच्या दारात आम्ही पाय ठेवणार नाही. म्हणून कमलबाई जाणार नव्हती. नवल जाणार होता. मेव्हण्यांनी पाय ठेवला काय अन् न ठेवला काय, त्याला दोन्ही सारखंच.

काजलने फोनवर एकच गोष्ट मागितली होती. "आबा, साक्षीदार म्हणीसन तीन जणसन्या सह्या लागतस. एक तुम्हनी पाहिजे."

"करसू," नवल म्हणाला होता. एवढंच.

कमलबाईने चहा दिला आणि पिशवीत स्टीलचा एक डबा ठेवला. झाकणावर फडकं घट्ट बांधून दोऱ्याने शिवलेलं. आत मिरचीची पूड होती. मिरची तिने स्वतः निवडली होती, देठ स्वतः खुडले होते आणि कांडताना कुणाला हात लावू दिला नव्हता. भावांचा शब्द तिने पाळला होता. या डब्याबद्दल मात्र त्यांना विचारलं नव्हतं.

"पोरले काय सांगू?" नवलने विचारलं.

"तिकडली मिरची फिक्की ऱ्हास, अशी सांग."

"आखो?"

"आखो काय? डबा तिन्हा हातमा दे. कोनले बी देऊ नको."

नवल नंदुरबारच्या मिरची बाजारात हमाली करतो. टोळीचा मुकादम आहे, पण मुकादम म्हणून बाजूला उभा राहत नाही. पोती तोही उचलतो. पोतं पाठीवर घेताना आधी पाय बसवावे लागतात, मग कंबर, आणि हात सगळ्यात शेवटी. नवा माणूस हातापासून सुरुवात करतो आणि चार दिवसांत पडून राहतो. मिरचीचं पोतं तसं हलकं, पण ते अंगावर वाकडंतिकडं बसतं आणि घामात मिरचीची धूळ मिसळली की मान पेटते. अशा कामात कोण किती कष्ट करतो ते झाकून राहत नाही. नवलच्या टोळीत अंगचोर माणूस टिकत नाही. त्याला कुणी काढत नाही, पण त्याच्या जोडीला पोतं उचलायला कुणी येत नाही.

या टोळीची एक रीत आहे. काही वर्षांपूर्वी रिषभशेठच्या वखारीतून निघालेल्या एका ट्रकमधून पोती कमी उतरली. ड्रायव्हर म्हणाला, मला भरून मिळालीच नाहीत. रिषभशेठने नुकसान टोळीच्या हमालीतून कापलं. तेव्हापासून टोळीने ठरवलं: माल ज्याच्या ताब्यात दिला त्याला मालाशेजारी उभा करायचा आणि फोटो काढायचा. पुढे एका ड्रायव्हरने मागच्या वर्षीचा, कमी पोत्यांचा फोटो फोनवर पाठवून हात झटकायचा प्रयत्न केला, तेव्हा बाजारात सगळ्यांनी मिळून दुसरं ठरवलं. पाठवलेला फोटो चालणार नाही. ज्या फोनात काढला त्याच फोनात, तारीख-वेळेसकट दाखवायचा. आणि माल पोचल्याचा निरोप येईपर्यंत तो पुसायचा नाही.

फोटो काढण्याचं काम नवलचं. आता त्याच्या हाताला त्याचं इतकं वळण पडलं होतं की समोरच्याने माल हातात घेतला की याचा हात खिशाकडे जायचा. वहिनी येऊन नेईल म्हणून दुकानात साडी ठेवली तरी तो दुकानदाराचा फोटो काढायचा. लोक हसायचे. तो हसू द्यायचा.

त्या दिवशी त्याच्या फोनात शेवटच्या ट्रकचा फोटो होता. ट्रक अजून वाटेत होता. टोळीतल्या सगळ्यांची अखेरची हमाली त्या फोटोवर अडकलेली होती.

विमानतळावर तो वेळेत पोचला. आत रांगेत पुढे पुनीत उभा होता. हा नंदुरबारच्या भंवरलालशेठचा नातू. आजोबांचं मिरची बाजारातच किराणा दुकान, आणि हा बंगळूरला औषधांच्या कंपनीत. नवलला त्याने लगेच ओळखलं.

"नवलदादा! तुम्ही विमानमा?"

"का? पोतं समजीसन वजन करतीन का माले?"

पुनीत हसला. "पट्टा काढा. खिशातलं सगळं ट्रेमा ठेवा."

नवलने ट्रेमध्ये पट्टा, किल्ल्या, फोन ठेवला. सामान म्हणून त्याच्याकडे एकच पिशवी होती, ती त्याने यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर ठेवली. तो कमानीतून पलीकडे गेला, ट्रेमधला फोन घेतला. पिशवी मात्र यंत्राने बाजूला ढकलली. तिथल्या तरुण शिपायाने पिशवी उघडली आणि डबा काढला.

"इसमें क्या है?"

"मिर्ची, साहब. घर की."

"पाउडर? ये ऊपर नहीं जाएगी. वापस जाकर लगेज में डलवाओ. नहीं तो यहीं छोड़ो."

नवलने मागे पाहिलं. सामान देण्याची रांग दारापर्यंत गेली होती. पुनीत बूट घालता घालता म्हणाला, "दादा, परत गयात ते विमान गयंच समजा."

नवल जरा उभा राहिला. चारची वेळ डोळ्यांसमोर होती. मग म्हणाला, "रख लो."

शिपायाने डबा उचलला. आणि नवलचा हात नेहमीसारखा फोनकडे गेला.

"साहब, डब्बा जरा सीधा पकडो."

हुकूम देणाऱ्या माणसाला हुकूम ऐकायचीही सवय असते. शिपायाने डबा छातीशी सरळ धरला. नवलने फोटो काढला. फोटो चांगला आला: माणूस, माल, मागे यंत्र.

मग शिपायाच्या लक्षात आलं. "ए! फोटो क्यों निकाला?"

"डब्बा आपके पास गया ना. घरवाली को दिखाना पडेगा."

"बोर्ड नहीं दिखता?"

पाटी नवलला दिसली होती. कॅमेऱ्यावर लाल रेघ मारलेली. त्याला वाटलं ती हौशी लोकांसाठी असेल. विमानात बसण्याआधी तोंड वेडंवाकडं करून फोटो काढणाऱ्यांसाठी. त्याचा फोटो हौसेचा नव्हता, कामाचा होता. तेच त्याने सांगितलं. शिपायाला ते कळलं नाही. त्याने साहेबांना हाक मारली.

साहेबांचं नाव करणसिंग. मिशा पिकलेल्या, आवाज खाली. त्याने नवलला बाजूच्या टेबलाकडे नेलं आणि डबा तिथे ठेवला. "फोन दीजिए."

आता पुनीत पुढे आला. "एक मिनिट, साहब. ये सरकारी जगह है, आप ड्यूटी पर हो. ड्यूटीवाले का फोटो निकालना गुन्हा नहीं है. इनका हक है."

"बाहर सड़क पर निकालो, जितना चाहो," करणसिंग म्हणाला. "यहाँ नहीं. यहाँ कौन कैसे तलाशी लेता है, मशीन कहाँ है, सब फोटो में आता है."

"कायदे का नंबर बताओ."

"तुम बताओ. वकील तो तुम हो."

"वकील नहीं, फार्मसी किया है."

रांगेतले लोक हसले. पुनीतने तोंड लाल करून आपला फोन काढला आणि समोर धरला.

"दूसरा भी?" करणसिंगने शांतपणे विचारलं. पुनीतने फोन खाली घेतला.

करणसिंग नवलकडे वळला. "देखिए, पिछले साल हमारे एक लड़के का वीडियो किसी ने डाल दिया. उसने सिर्फ एक बुज़ुर्ग का बैग दो बार खुलवाया था. गाँव में उसके बाप को लोगों ने सुनाया. फोन दीजिए, फोटो मिटाएँगे, आप जाइए."

नवलने फोन मुठीत धरला. "फोटो मिटाता हूँ. फोन नहीं दूँगा."

"क्यों? उसमें और क्या है?"

"टोली का माल है."

ते ऐकून शिपाई आणखी जवळ सरकला. माल या शब्दाचा पोलिसांच्या भाषेत वेगळाच अर्थ होतो, हे नवलच्या ध्यानात आलं नाही. करणसिंगने खुर्ची दाखवली. नवल बसला नाही.

पुनीतने त्याच्या कानाशी येऊन सांगितलं, "दादा, देई टाका फोन. त्या बठ्ठा फोटो थोडाच पुसतीन?"

"पुसात ते?"

"कोनले पाठाडी द्या आत्ते."

"पाठाडेल चालस नही. तुन्हा आजाले विचार."

वर ध्वनिवर्धकावर बंगळूरच्या विमानाची घोषणा झाली. पुनीतने घड्याळ पाहिलं, मग नवलकडे, मग दाराकडे.

"दादा, मी पुढे जाईसन सांगस, एक माणूस ऱ्हायना म्हणीसन. हक्कनं आपण नंतर देखू."

"देखू. जाय."

तो गेला. त्याने पुढे सांगितलंही असेल. विमानं अशा निरोपाने थांबत नाहीत.

करणसिंगने नियमाप्रमाणे वरच्या साहेबाला फोन केला. वरचे साहेब दुसऱ्या टोकाला होते. येईपर्यंत शिपाई यंत्राकडे परतला, टेबलापाशी हे दोघंच उरले, आणि मध्ये डबा.

"चाचा," करणसिंग म्हणाला, "आपका फोटो कोई बिना पूछे निकाले, तो अच्छा लगेगा?"

"निकालते हैं, साहब. हर साल."

"मतलब?"

नवलने सांगितलं. नंदुरबारला मिरची वाळत घातली की मैलभर जमीन लाल होते. मग पुण्या-मुंबईचे कॅमेरेवाले येतात. बाया मिरची निवडत बसलेल्या असतात, हे पोटावर झोपून त्यांचे फोटो काढतात. वरून उडतं यंत्रही सोडतात. एकदा नवलचाच फोटो कुठल्याशा कॅलेंडरवर छापून आला. पाठीवर पोतं, मानेवर घाम. रिषभशेठने वखारीत लावलं होतं.

"तो कैसा लगा?"

नवलने विचार केला. तो खोटं बोलणार नव्हता. "पोता बराबर उठाया था उसमें. पाँव सही थे." मग म्हणाला, "लेकिन पूछना चाहिए था."

करणसिंगने मान टेबलावरच्या डब्याकडे वळवली.

"मैंने भी नहीं पूछा," नवल म्हणाला. "सीधा पकडो बोला. वो पूछना नहीं हुआ."

त्याने तरुण शिपायाकडे पाहिलं आणि हात जोडले. शिपाई गोंधळला. त्यानेही अर्धवट हात जोडले आणि पुन्हा यंत्राकडे पाहू लागला.

"तो अब फोन दे दीजिए," करणसिंग म्हणाला.

"नहीं."

"अरे! अभी तो माफी माँगी."

"माफी फोटो की माँगी. फोन की नहीं."

करणसिंगला हसू आलं; त्याने ते मिशीत ठेवलं. नवल पुढे म्हणाला, "फोन मेरे हाथ में रहेगा. आप देखो. उँगली आप लगाओ, जिसको मिटाना है उसको. दूसरे को मत लगाओ."

वरचे साहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि घाईत मान हलवली. नवलने फोन तळहातावर धरला, पोत्याला खालून आधार देतात तसा. पडद्यावर फोटोंची रांग उघडली. एकामागून एक माणसं, प्रत्येक जण पोत्यांशेजारी उभा, प्रत्येकाच्या कपाळावर आठ्या.

"ये सब कौन हैं?" साहेबांनी विचारलं.

"जिसने जिसने माल लिया."

करणसिंगने शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. त्यात त्याचाच शिपाई होता, डबा छातीशी धरून, त्याच आठ्या घालून. बाकीच्यांच्या रांगेत तो अगदी शोभत होता. फोटो पुसला. मग पुसलेले फोटो जिथे साठून राहतात तिथूनही पुसला. ट्रकचा फोटो जागेवर होता. साहेब निघून गेले.

बंगळूरच्या विमानाचं दार तोवर बंद झालं होतं.

नवलने काजलला फोन लावला. भिंतीकडे तोंड करून बोलला.

"विमान चुकनं."

"म्हणजे? तुम्ही कोठे शेतस?"

"आठेच. विमानतळवर. एक साहेबना फोटो काढा मी."

"आबा!" तिला लगेच कळलं. वडिलांची सवय तिला ठाऊक होती. "पकडं ते नही ना तुम्हले?"

"नही. दुसरं विमान देखस. पन सांजले पोचसू."

"कार्यालय पाचले बंद व्हस. आज हुकनं ते नवी तारीख लेनी पडी. त्यास्ना घरना माणसं गाडी करीसन येल शेतस."

नवलला जे बोलायचं ते त्याने ताबडतोब बोलून टाकलं. तो थांबला असता तर तिनेच लग्न थांबवलं असतं. "तू तारीख बदलू नको. सही दुसऱ्यानी ले. कोन शे?"

"वॉर्डना सिस्टर शेतस. पन आबा, मी तुम्हले सांगेल व्हतं."

"सांगेल व्हतं. मन्हं चुकनं. लगन वेळवर लाव."

ती रडली असावी. त्याने फोन कानालाच ठेवला. शेवटी ती म्हणाली, "येतस ना पन?"

"येस."

तिकिटाच्या खिडकीपर्यंत करणसिंग स्वतः सोबत आला. त्याचं ते काम नव्हतं. दुसरं विमान हैदराबादवरून होतं आणि आयत्या वेळी घेतल्यामुळे भलतंच महाग. नवलने भाव ऐकला, पुन्हा एकदा विचारला आणि पैसे दिले. घराचे पत्रे बदलायला ठेवलेले ते पैसे होते.

"अब टाइम है," करणसिंग म्हणाला आणि डबा त्याच्या हातात दिला. "ये लगेज में डाल दीजिए. उसमें जाता है."

नवलने डबा घेतला. शिवण तपासली, दोरा शाबूत होता.

"किसने सिला है? मशीन जैसा है."

"घरवाली ने."

"तेज़ है?"

"मिर्ची?"

"मिर्ची ही पूछ रहा हूँ, चाचा."

या वेळी दोघंही हसले.

दुपारी तो वाट पाहत बसला होता तेव्हा टोळीतल्या रेवजीचा फोन आला. ट्रक पोचला. पोती पूर्ण उतरली, काही तक्रार नाही.

"फोटो मांगा का कोनी?"

"कसाले मांगतीन? माल बराबर शे."

नवलने बरं म्हटलं. ट्रकचा फोटो त्याने लगेच पुसला, कारण रीत तशी होती. सकाळी फोन देऊन टाकला असता तर चाललं असतं, हे त्याला कळलं. पण ते सकाळी कुणाला माहीत नव्हतं. यावर त्याने फार वेळ घालवला नाही.

चार वाजले तेव्हा त्याचं विमान जमिनीवरच होतं. खिडकीशेजारच्या माणसाने त्याला पट्टा कसा लावायचा ते दाखवलं.

बंगळूरला तो पोचला तेव्हा दिवे लागले होते. काजल जावयाला घेऊन बाहेर उभी होती. साडी साधी, गळ्यात हार, हार आता कोमेजलेला. तिने वाकून नमस्कार केला. जावयाने तिचं पाहून केला, जरा चुकीच्या बाजूने. नवलने पिशवी उघडून डबा काढला आणि तिच्याच हातात दिला.

"मायनी काय सांगं?" तिने विचारलं.

"तिकडली मिरची फिक्की ऱ्हास, अशी सांगं."

काजलने डबा उघडला नाही. तो कडेला मूल घ्यावं तसा घेऊन ती गाडीत बसली.

वाटेत जावयाने लग्नाच्या दाखल्याची प्रत दाखवली. साक्षीदारांच्या तीन सह्या होत्या. त्यातली एक वॉर्डच्या मोठ्या सिस्टरची, वळणदार. नवलने ती पाहिली आणि कागद परत दिला. त्या ओळीत आता काही करता येणार नव्हतं. मग त्याने विचारलं, "जेवणनं काय कर?"

जावयाला भाषा कळेना. काजलने सांगितलं की काही ठरवलेलं नाही. त्यांच्या घरची माणसं खोलीवर बसली आहेत, वॉर्डातल्या मैत्रिणी ड्यूटी संपवून येतील, इडली-बिडली मागवू.

"इडली नही," नवल म्हणाला. "लगन शे."

त्याने गाडी एका बऱ्या खानावळीपाशी थांबवायला लावली. आत जाऊन मालकाला किती माणसं ते बोटांनी दाखवलं. भात, भाजी, पुऱ्या, काहीतरी गोड. मालकाने हिंदीत विचारलं, कुणाकडचं जेवण? नवल म्हणाला, मुलीकडचं. जावयाने खिशात हात घातला तेव्हा नवलने त्याचं मनगट धरलं. ते धरणं हमालाचं होतं. जावयाने हात काढून घेतला नाही.

सगळे जेवले. जावयाच्या आईने दोनदा पुऱ्या घेतल्या. नवल वाढणाऱ्याच्या मागे उभा राहून कुणाच्या पानात काय कमी आहे ते पाहत होता, आणि सगळ्यांचं झाल्यावर बसला. त्या हंगामात मिरचीची जेवढी पोती त्याने पाठीवरून वाहिली, त्यांच्या हमालीतून एक जास्तीचं तिकीट आलं, आणि उरलं त्यातून काजलच्या लग्नाचं जेवण झालं.